दुकानासमोरचा ससाणा

हंगामात आमच्या आडत दुकानासमोर कापसाच्या आणि मक्याच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेच्या कडेला, निंबाच्या सावलीत, गेली चार वर्षे एक मोटारसायकल उभी असते. सुझुकी कंपनीची हायाबुसा. इंजिन १३४० सीसीचे, शक्ती १९० अश्वशक्ती, वजन २६० किलोंहून अधिक. अजिंठ्यासारख्या गावात ती कोणाच्या नजरेतून सुटणे शक्य नाही. आणि खरे सांगायचे तर ती सुटू नये म्हणूनच दुकानासमोर उभी असते, गोदामात नव्हे.

या सदरातून मी व्यापार आणि व्रत यांविषयी लिहीत आलो आहे. मागे परिग्रह-परिमाणावर लिहिले तेव्हा जालन्याच्या एका वाचकाचे पत्र आले. मजकूर एवढाच होता की, लेख आवडला, परंतु आपल्या दारातील वाहनाविषयी त्यात काही आढळले नाही. प्रश्न रास्त होता. उत्तर लिहायला दीड वर्ष लागले, आणि आजही ते मनासारखे झाले आहे असे नाही.

आमच्या घरातले पहिले वाहन लूना. बाबूजींनी ती उधारीच्या वसुलीसाठी घेतली होती. लूना १९७२ साली अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक कंपनीने आणली. कंपनी फिरोदियांची, म्हणजे आपल्याच समाजातील घराण्याची; त्यामुळे बाबूजींना तिचा दुहेरी अभिमान होता. ५० सीसीचे इंजिन, चढ लागला की पायडल मारायचे. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला जायचे असेल तर येताना शेवटच्या वळणावर ते उतरून लूना हाताने ढकलीत आणीत. मागच्या कॅरिअरला वसुलीची वही बांधलेली असे. पंचवीस वर्षांत ते लूनावरून कामाशिवाय कोठे गेल्याचे मला आठवत नाही. आपल्या बारा व्रतांतील आठवे व्रत अनर्थदंड-विरमणाचे आहे. संसारी माणसाला गरजेपोटी हिंसा करावी लागते, ती अर्थदंड. गरजेवाचून, केवळ मौजेपायी किंवा बेपर्वाईने घडते ती अनर्थदंड. लूना आणि हायाबुसा यांच्यातील अंतर मी सीसीमध्ये मोजत असे. ते या दोन शब्दांत मोजायला हवे होते, हे फार उशिरा सुचले.

हायाबुसा मनात शिरली ती २००४ साली. ‘धूम’ चित्रपट आला तेव्हा मी पुण्यात वाणिज्य शाखेला होतो, आणि जॉन अब्राहमच्या त्या गाडीने आमच्या वसतिगृहातील निम्म्या मुलांची झोप उडवली होती. पुढे पदवी झाली, बाबूजी गेले, दुकान अंगावर आले. इच्छा मात्र गेली नाही. ती व्याजासारखी वाढत राहिली. मग २०२१-२२ चा कापूस हंगाम आला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ६०२५ रुपये, आणि नवे वर्ष लागल्यावर बाजार दहा हजारांच्या वर गेला. दिवाळीच्या सुमारास ज्यांना पैशांची नड होती त्यांनी आपला कापूस आधीच घातला होता. ज्यांच्याकडे थांबायची ऐपत होती ते थांबले. मी थांबलेल्यांपैकी. यात बेकायदा काही नाही, अनैतिक म्हणता येईल असेही कदाचित काही नाही. परंतु गाडीचे पैसे कोठून आले हे गावात प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि मलाही.

त्या वर्षी आईचे वर्षीतप होते. अक्षय्य तृतीयेला तिचे पारणे. भगवान ऋषभदेवांना एका वर्षाहून अधिक काळाच्या उपवासानंतर श्रेयांसकुमाराने ज्या दिवशी उसाचा रस वाहिला, तो हा दिवस; आणि बाजाराच्या दृष्टीने साडेतीन मुहूर्तांपैकी एक, खरेदीचा. सकाळी आईच्या ओंजळीत उसाचा रस घातला आणि दुपारी संभाजीनगरहून गाडी आणली. सोळा लाखांच्या वर किंमत, कर आणि विमा वेगळा. आईने गाडीला कुंकू लावले, नारळ ठेवला. म्हणाली, “छान आहे. जपून चालव.” एका वर्षात एक दिवसाआड जेवून तिने जे कमी केले होते, ते मी एका दुपारी भरून काढले, असे त्या क्षणी मला वाटले नाही. रात्री वाटले.

आता तिच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे सोयीचे प्रायश्चित्त होईल.

ती चालवणे हा शुद्ध आनंद आहे. पहाटे सिल्लोडच्या पुढे रस्ता मोकळा असतो. कित्येक वर्षे उखडलेला हा मार्ग आता बराचसा काँक्रीटचा झाला आहे. मुठीतली सूतभर हालचाल आणि मागचे झाड मागे राहत नाही, नाहीसे होते. शंभराचा वेग यायला तीन-साडेतीन सेकंद पुरतात आणि तोही पहिल्याच गिअरमध्ये. पण मला ओढ लागते ती वेगाची नव्हे. त्या वेळी मनात दुसरे काहीही नसते. मक्याचा भाव नसतो, अडकलेली उधारी नसते, मुलीच्या लग्नाची चिंता नसते. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे बसतो तेव्हा मन अठ्ठेचाळीस दुकाने फिरून येते. आणि या यंत्रावर ते एका जागी खिळून राहते. मी एकदा स्थानकात एका स्वाध्यायी बंधूंना हे मोठ्या तोऱ्यात सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “शेठ, ध्यान चार प्रकारचे. आर्त आणि रौद्र हीसुद्धा ध्यानेच आहेत. बगळाही एकाग्रच असतो.”

मला राग आला होता. पण त्यांचे चुकले नव्हते.

परिग्रहाच्या हिशेबाकडे वळतो. पर्युषणात आपण मर्यादांची वही भरतो. शास्त्रातील यादी क्षेत्र-वास्तू, हिरण्य-सुवर्ण, धन-धान्य, द्विपद-चतुष्पद आणि कुप्य अशी आहे. द्विचक्रीसाठी त्यात रकाना नाही. मात्र रोजच्या चौदा नियमांत ‘वाहन’ स्पष्टपणे आहे. माझ्या वहीत कित्येक वर्षे ‘दुचाकी : एक’ अशी नोंद होती. हायाबुसा आली तेव्हा मी जुनी स्कूटर विकून टाकली. नोंद तशीच राहिली, व्रत अक्षरशः पाळले गेले, आणि माझ्या डोक्यातील व्यापारी खूश झाला. घरी बोलणे निघाले तेव्हा मी आनंद श्रावकाचा दाखला दिला. भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांपैकी पहिला, वाणिज्यग्रामाचा धनाढ्य गृहस्थ. त्याने मर्यादा घेतली तीही दूरच्या प्रवासाला पाचशे गाड्या आणि मालवाहतुकीला पाचशे अशी. त्याच्यापुढे माझी एक दुचाकी ती काय! सौभाग्यवतींनी पोळी लाटता लाटता विचारले, “त्या हजार गाड्यांपैकी मिरवायची कोणती होती?”

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. मूर्च्छा म्हणजे ममत्वाची गुंगी. ती आपल्याला आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी कसोटी मला दुकानाच्या ओट्यावर सापडली. शेतकरी गाडीभोवती जमतात, आरशात तोंड बघतात, पोरे हँडलला हात लावू का विचारतात. मग कोणीतरी म्हणतो, “शेठ, केवढ्याला पडली?” आणि मी आजवर एकदाही खरा आकडा सांगितलेला नाही. कधी “जुनीच घेतली हो, स्वस्तात,” कधी “पाच-सहा लाख.” भावात, वजनात, पट्टीत मी खोटे बोलत नाही, ही आमच्या दुकानाची तीन पिढ्यांची कमाई आहे. पण ज्याच्या चार एकरांतील कापसाचे वर्षाचे उत्पन्न त्या गाडीच्या नुसत्या टायरांच्या जोडीशी ताडून पाहावे लागते, त्याच्या तोंडावर सोळा लाख हा शब्द उच्चारवत नाही. वस्तू मोठी असती आणि मी निःशंक असतो, तर खोटे बोलायची पाळी आली नसती. पाचवे व्रत सैल झाले की दुसरे आपोआप सैल होते.

लहानसहान अडचणी वेगळ्याच. दुचाकीच्या वेगवान स्वारीसाठी सर्वांत भरवशाचा पोशाख चामड्याचा. घसरून पडल्यास कापडापेक्षा चामडे अंगाला अधिक वाचवते. काही महागडे हातमोजे तर कांगारूच्या कातड्याचे असतात. मी नायलॉनचे जाकीट आणि कृत्रिम धाग्याचे हातमोजे वापरतो. संरक्षण थोडे कमी, पण त्याबाबत मनात दुमत नाही. दुमत आहे ते हेल्मेटच्या काचेविषयी. पावसाळ्याच्या तोंडी संध्याकाळी घाटातून आलो की काच किड्यांनी माखलेली असते. ओल्या फडक्याने पुसताना इरियावहीचा पाठ म्हणतो. चालताना नकळत दुखावलेल्या एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागणारा तो पाठ आहे. नकळत हा शब्द फडके पिळताना घशात अडकतो. मला कळत असते.

आणि गाडीचे नाव! हायाबुसा म्हणजे जपानी भाषेत बहिरी ससाणा. हा पक्षी भक्ष्यावर झेप घेतो तेव्हा त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्या वर जातो. १९९९ साली पहिली हायाबुसा आली तीही तीनशेच्या घरात धावणारी. वेगाची ही चढाओढ इतकी चिघळली की पुढे कंपन्यांनी आपापसांत समजूत करून २९९ वर थांबायचे ठरवले. भगवान शांतिनाथांच्या पूर्वभवातील मेघरथ राजाची कथा आपण मुलांना सांगतो. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसले, ससाण्याने आपले भक्ष्य मागितले, राजाने कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस तराजूत घालायला घेतले आणि शेवटी स्वतःच पारड्यात बसला. तराजूवर पोट असलेल्या आपल्यासारख्यांना ही कथा विशेष जवळची. लेकीने एकदा ती ऐकून विचारले होते, “पप्पा, मग आपण ससाणा का घेतला?” ती तेव्हा आठवीत होती. मी हसण्यावारी नेले.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सर्वाधिक, शंभरात चव्वेचाळीस, दुचाकीवरची. दुचाकीला आपल्याकडे चौपदरी रस्त्यावरही ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे ज्या क्षमतेसाठी मी पैसे मोजले तिचा चौथा हिस्साच कायद्याने वापरता येतो. बाकीचा तीन चतुर्थांश मी कशासाठी बाळगतो? पहिल्या वर्षी मी हा प्रश्न विचारीत नसे, कारण तो तीन चतुर्थांश अधूनमधून वापरत होतो. गोळेगावच्या अलीकडे एका सकाळी दीडशेच्या पुढे होतो. दुभाजकाच्या फटीतून एक मोपेड आडवी आली; पुढे पुरुष, मागे गवताचा भारा डोक्याशी धरून बसलेली बाई. त्या वेगाला एका सेकंदात चाळीस मीटरांहून अधिक रस्ता सरतो, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या दुपटीला चौपट होते. यंत्र उत्तम होते, त्याचे ब्रेक उत्तम होते, म्हणून थांबलो. मोपेडवाल्यांनी मान वळवूनही पाहिले नाही. काय टळले हे त्यांना कधीच कळणार नाही. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. पाय लटपटत होते, एवढेच आठवते.

तरीही गाडी विकली नाही. भीती चार महिन्यांत ओसरली. मनाला जे करायचे असते त्यासाठी ते चार महिन्यांत सबबी गोळा करते.

खरा धक्का पायी चालताना बसला. आपल्या साधू-साध्वींचे विहारातील अपघात हा समाजाचा ओला घाव आहे. दरवर्षी कोठून ना कोठून ती बातमी येते. म्हणून आता गावोगावची मंडळी विहारसेवेला जातात. कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास उठला आणि सिल्लोडकडून आलेल्या तीन महासतीजी अजिंठ्याहून फर्दापूरला निघाल्या. आम्ही पाच जण, अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे. दोघे पुढे, तिघे मागे. नुकते फटफटले होते, घाटात धुके होते. साध्वीजी अनवाणी, नजर पुढच्या साडेतीन हात जमिनीवर, हातात रजोहरण. ईर्यासमिती ही मी पुस्तकात वाचली होती. तिच्या मागे दहा-बारा किलोमीटर चालणे निराळे. मुंग्यांची रांग आली की त्या थांबत, वळसा घेत. गाडीवर दहा मिनिटांत जो घाट मी उतरत असे, त्याला अडीच तास लागले. मला त्या दिवशी कळले की त्या रस्त्याला वास आहे. एका वळणावर झऱ्याचे पाणी रस्त्यावर येते आणि तेथे रोज सकाळी पोपट उतरतात. पंचेचाळीस वर्षे मी या गावात राहतो.

वरच्या वळणावर आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. रविवारी शहरातून मोठ्या गाड्यांचे जथे घाटात येतात, त्यांपैकी एक होता. पाच-सहा गाड्या. त्या काही फार बेदरकार नव्हत्या, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. आपल्या बाजूने, रांगेत होत्या. पण कडेने चालणाऱ्या माणसाला गाडीचा वेग दिसत नाही, अंगावर येतो. हवेचा धक्का बसला, साध्वीजींच्या चादरीचे टोक फडफडले, सर्वांत वृद्ध महासतीजींचा पाय क्षणभर अडखळला आणि त्यांनी कठड्याला हात टेकला. शेवटच्या गाडीवाल्याने मला ओळखले. आम्ही बरोबर फिरलेलो. त्याने आनंदाने हात वर केला, हॉर्न वाजवला. माझा हात वर गेला नाही.

चालताना साध्वीजी बोलत नाहीत. फर्दापूरला पोहोचल्यावर, गोचरी आटोपल्यावर, वृद्ध महासतीजींनी सहज विचारले, “ओळखीचे होते का?”

“हो.”

“आपल्याकडेही तशीच आहे ना?”

“आहे.”

मला वाटले आता उपदेश होईल. मी मनातल्या मनात आनंद श्रावक तयार ठेवला होता. त्यांनी विचारले, “ते डोक्यावर घातल्यावर बाहेरचे काय ऐकू येते?”

मी विचार करून सांगितले, “वारा.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पाणी कोमट झाले का, ते पाहायला दुसऱ्या साध्वीजींना सांगितले.

त्या संध्याकाळी मी पच्चक्खाण घेतले. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, घाटात चाळिसाच्या वर नाही, इतरत्र ऐंशी. या गाडीत वेगमर्यादा ठरवून ठेवायची सोय आहे, ती तेव्हापासून ऐंशीवर आहे. मूठ कितीही पिळली तरी गाडी पुढे जात नाही, असे मात्र नाही. एकदम पूर्ण पिळली तर मर्यादा बाजूला सरते आणि गाडी सुटते. ओव्हरटेक करताना अडचण येऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनी ती वाट ठेवली आहे. आपल्या पच्चक्खाणांत आगार असतात तसाच हा आगार. जपानी अभियंत्याला श्रावकाचे मन इतके नेमके कसे कळले, याचे नवल वाटते. सात महिन्यांत मी तो आगार दोनदा वापरला. एकदा खरोखर ट्रकला ओलांडायचे होते.

गिऱ्हाइकही आले होते. जळगावचा एक तरुण, चांगल्या घरातला. गाडी पाहून त्याचे डोळे २००४ सालच्या माझ्या डोळ्यांसारखे झाले. मी किंमत सांगितली ती अशी, की तो उठून जावा. तो उठून गेला. पुढे वाटले, कमी सांगून दिली असती तरी माझा ससाणा त्याच्या दारात बसला असता एवढेच. त्याला घाटात पायी चालायला कोणी नेले असते? पण हाही युक्तिवाद आहे, आणि तो मला सोयीचा आहे, म्हणून मी त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

या आषाढ चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गाडी बंद ठेवण्याचा नियम घेतला आहे. प्रथमच ती दुकानासमोरून हलवून गोदामात, मक्याच्या थप्पीशेजारी ठेवली. बाबूजींची लूना सहा-सहा महिने पडवीत पडून असे आणि पायडल मारताच सुरू होई. हिचे तसे नाही. चार महिने उभी ठेवायची तर बॅटरी उतरते. म्हणून एक लहानसे चार्जर सतत जोडून ठेवावे लागते. काळोख्या गोदामात त्याचा हिरवा दिवा रात्रंदिवस लागलेला असतो. चालत नसतानाही तिला काही ना काही पुरवावे लागतेच.

महिनाअखेरीस मुनीमजी वीजबिल घेऊन आले. ते बाबूजींच्या वेळचे, पैशापैशाची नोंद ठेवणारे. “चार्जरचा खर्च कोणत्या खात्यात लिहू?” त्यांनी विचारले. “दुकानखर्चात बसत नाही, घरखर्चात वहिनी घेणार नाहीत.”

मी जरा वेळ थांबलो. म्हटले, “तूर्त उचंत खात्यात लिहा.”